गरज कोणी सिद्ध करायची? इंग्लंडचं बदलतं प्लॅनिंग धोरण, सौर-पवन प्रकल्प आणि कचरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कंपनीचे इंग्लंडमध्ये दोन प्रकल्प कागदावर तयार आहेत. एक शेतजमिनीवरचा ४० मेगावॉटचा सौर प्रकल्प, दुसरा पुनर्वापरानंतर उरलेला कचरा जाळून वीज तयार करणारा. गेल्या दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय प्लॅनिंग धोरण, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय उभारायला परवानगी द्यायची याचं धोरण, इतक्या वेळा बदललं आहे की अर्ज आत्ता टाकावा की पुढच्या बदलापर्यंत थांबावं, हे ठरत नाही. शिवाय दोन्हींतून वीजच मिळणार असताना सल्लागार दोन्हींचा हिशोब इतका वेगळा का मांडतात, हेही त्यांना समजत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. सौर प्रकल्पासाठी थांबू नका. कचऱ्याचा अर्ज मात्र आत्ता हातात असलेल्या आकडेवारीवर टाकू नका, ती आकडेवारी पहिल्यापासून पुन्हा करा. याचं कारण ‘गरज’ या एका मुद्द्यात आहे. विजेची गरज सरकारने गृहीत धरली आहे, ती अर्जदाराला सिद्ध करावी लागत नाही. कचरा प्रक्रियेची गरज मात्र बहुतेक वेळा तुम्हालाच सिद्ध करावी लागते, आणि ताज्या बदलांनी ते ओझं आणखी वाढवलं आहे.

आता मुळापासून. इंग्लंडमध्ये अर्ज दाखल झाला त्या दिवशीचं धोरण लागत नाही, निर्णय होतो त्या दिवशीचं लागतं. २००४ च्या कायद्यातलं कलम ३८(६) सांगतं की निर्णय स्थानिक विकास आराखड्याला धरून व्हायला हवा, वेगळं वागण्याइतकं सबळ कारण पुढे आलं तरच अपवाद. राष्ट्रीय धोरणाचा मुख्य दस्तऐवज म्हणजे नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्क, सगळे त्याला एनपीपीएफ म्हणतात. तो कायदा नव्हे, पण सबळ कारणांमध्ये त्याचा नंबर वरचा, आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्या दिवसापासून निर्णयात धरावी लागते. मोठ्या अर्जाला कायद्याने १३ आठवड्यांची मुदत आहे, पर्यावरणीय आघाताचं मूल्यमापन लागलं तर १६. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ जातो आणि पुढे अपील झालं तर आणखी. म्हणजे अर्ज एका धोरणाखाली लिहिला जातो आणि निकाल दुसऱ्या धोरणाखाली लागतो, हे इथे नेहमीचं आहे. अपील चालू असताना एनपीपीएफ बदललं तर अपिलाचा निर्णय देणारे सरकारी इन्स्पेक्टर दोन्ही बाजूंना लेखी म्हणणं मांडायची संधी देतात. त्या दोन-चार पानांवर अख्खं अपील फिरलेलं मी पाहिलं आहे, म्हणून ती पानं घाईत लिहू नयेत.

राष्ट्रीय महत्त्वाचे मोठे प्रकल्प २००८ च्या प्लॅनिंग ॲक्टखाली थेट मंत्र्यांकडे जातात आणि तिथला नियम वेगळा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊर्जेची नवी राष्ट्रीय धोरण-निवेदनं लागू झाली तेव्हा त्यांच्यातच लिहिलेलं होतं की त्याआधी तपासणीसाठी स्वीकारलेल्या अर्जांना २०११ चीच निवेदनं लागू राहतील. तुमचा प्रकल्प कोणत्या रस्त्याने जातो यावर धोरणबदलाचा फटका किंवा फायदा तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, हे ठरतं.

धोरण बदलतं तेव्हा नेमकं काय बदलतं? जमीन तीच असते, पॅनल तेच, शेजारच्या चर्चमधून दिसणारं दृश्यही तेच. परवानगी देणाऱ्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, ऑफिसरच्या अहवालाच्या शेवटी ‘प्लॅनिंग बॅलन्स’ नावाचा भाग असतो. त्यात एका बाजूला नुकसान: भूदृश्याचं मध्यम, ऐतिहासिक वास्तूंचं थोडं, शेतजमिनीचं मर्यादित. दुसऱ्या बाजूला फायदे. धोरण बदललं की यातल्या एखाद-दुसऱ्या नोंदीचं वजन बदलतं आणि पारडं फिरतं. डिसेंबर २०२४ च्या एनपीपीएफमध्ये अक्षय आणि कमी-कार्बन ऊर्जेच्या फायद्यांना ‘लक्षणीय’ वजन द्या, आणि विजेची एकूण गरज सिद्ध करायला अर्जदाराला सांगू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे. आधी काउन्सिलचा ऑफिसर स्वतःच्या अंदाजाने ‘मध्यम’ लिहू शकत होता. आता तसं लिहायचं तर कारण द्यावं लागतं, आणि अपिलात ते कारण टिकणं कठीण.

वजन किती दूर नेऊ शकतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण जमिनीवरच्या पवनचक्क्यांचं. १८ जून २०१५ रोजी एका मंत्रिस्तरीय लेखी निवेदनाने दोन अटी घातल्या: जागा स्थानिक आराखड्यात पवन ऊर्जेसाठी दाखवलेली असावी, आणि स्थानिक लोकांचे आक्षेप पूर्णपणे दूर झालेले असून प्रकल्पाला त्यांचा पाठिंबा असावा. नंतर या अटी एनपीपीएफच्या तळटीपेत गेल्या. कोणतीही बंदी जाहीर झालेली नव्हती, संसदेत कायदा झालेला नव्हता. तरी इंग्लंडमध्ये नवे पवन प्रकल्प जवळजवळ थांबले, कारण बहुतेक काउन्सिलांच्या आराखड्यात पवन ऊर्जेची जागाच दाखवलेली नव्हती आणि ठाम आक्षेपांची चार पत्रंही अर्ज अडवायला पुरत. अपवाद होते: ब्रिस्टलच्या लॉरेन्स वेस्टन भागातल्या रहिवाशांनी स्वतःच्या मालकीची ४.२ मेगावॉटची पवनचक्की उभी केली, ती २०२३ मध्ये सुरू झाली. पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं आणि ८ जुलैला, म्हणजे निवडणुकीनंतर चार दिवसांत, त्या अटी काढून टाकल्या गेल्या.

अटी गेल्या म्हणून प्रकल्प दुसऱ्या दिवशी उगवत नाहीत. नऊ वर्षांत जागा शोधणाऱ्या टीम मोडल्या, जमीनमालकांशी केलेले करार संपले, अनुभवी माणसं स्कॉटलंडला किंवा समुद्रातल्या प्रकल्पांकडे गेली. पक्ष्यांच्या सर्वेक्षणाला ऋतूंमागून ऋतू लागतात, विमानांच्या रडारला अडथळा होतो या आक्षेपांवर तोडगा काढायला वेळ लागतो. प्रतिकूल धोरणाचा परिणाम पहिल्या महिन्यात दिसतो, अनुकूल धोरणाचा दिसायला काही वर्षं जातात. या विषयात मला सगळ्यांत जास्त सलतं ते हेच: ती नऊ वर्षं परत मिळत नाहीत.

सौर ऊर्जेचं धोरण त्यामानाने थोडं हेलकावलं, पण एकाच वर्षात. डिसेंबर २०२३ च्या एनपीपीएफमध्ये अन्नपिकवणीसाठी जमीन उपलब्ध राहण्याचा विचार करा, अशी तळटीप आली. १५ मे २०२४ रोजी चांगल्या शेतजमिनीच्या रक्षणावर वेगळं मंत्रिस्तरीय निवेदन आलं. मग डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत अन्नपिकवणीचं ते वाक्य गेलं. राहिलं ते जुनंच तत्त्व: मोठ्या प्रमाणावर शेतजमीन लागणारच असेल तर कमी प्रतीची आधी वापरा. तुमच्या ४० मेगावॉटच्या प्रकल्पाला हे थेट लागू आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

इंग्लंडमध्ये शेतजमिनीची प्रत १ ते ५ अशी मोजतात, आणि तिसऱ्या प्रतीचे ‘३ अ’ आणि ‘३ ब’ असे दोन भाग आहेत. १, २ आणि ३ अ या ‘सर्वोत्तम’ गणल्या जातात, ३ ब गणली जात नाही. अडचण अशी की देशभरच्या जुन्या नकाशांवर नुसतं ‘३’ लिहिलेलं असतं. अ की ब, हे शेतात उतरूनच कळतं: साधारण दर हेक्टरी एक भोक हातगिरमिटाने १.२ मीटरपर्यंत पाडायचं, मातीचे थर, पोत, दगडांचं प्रमाण, पाणी किती खोलीवर अडतं ते नोंदवायचं. सौर प्रकल्पाला एका मेगावॉटमागे अंदाजे २ ते ४ एकर जमीन लागते. म्हणजे तुमच्या जागेवर काही डझन भोकं पाडावी लागतील. हे काम प्रकल्पाची मांडणी काढायच्या आधी करा. ३ अ चा पट्टा एका कोपऱ्यात निघाला तर पॅनल तिथून हलवता येतात, पण अर्जावर निर्णय घेणाऱ्या काउन्सिलच्या कमिटीच्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात निघाला तर काहीच हलत नाही. धोरण कुठल्याही बाजूला झुकलं तरी मातीचा हा अहवाल कामाला येतो, त्यामुळे तो खर्च वाया जाणारा नाही.

सौर प्रकल्पांचा आकारही नियमानेच ठरवला होता. ५० मेगावॉटच्या वर गेलं की प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा ठरे, अर्ज मंत्र्यांकडे, खर्च आणि कागदपत्रं कैक पटींनी जास्त. म्हणून देशभर ४९.९ मेगावॉटचे प्रकल्प दिसतात. ३१ डिसेंबर २०२५ पासून सौर ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० मेगावॉट झाली, आणि २०१६ पासून राष्ट्रीय यादीबाहेर असलेली जमिनीवरची पवन ऊर्जा १०० मेगावॉटच्या वर त्या यादीत परत आली. तुमच्या जागेला लागून आणखी जमीन मिळत असेल आणि ग्रिडमध्ये जागा असेल, तर ४० च्या जागी ६०-७० मेगावॉटचा विचार आता काउन्सिलच्या पातळीवरच करता येतो. पण निवडून आलेले सदस्य मतदान करतात ती कमिटी मोठा प्रकल्प सहज मंजूर करत नाही. गावातल्या बैठकांचा खर्च प्रकल्पाच्या आकाराबरोबर वाढवा, त्यात काटकसर करू नका.

आता कचरा. एनपीपीएफमध्ये कचऱ्याचं तपशीलवार धोरण नाही, ते ऑक्टोबर २०१४ च्या ‘नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फॉर वेस्ट’ या वेगळ्या, छोट्या दस्तऐवजात आहे. त्यातला कळीचा मुद्दा हा: प्रस्ताव अद्ययावत स्थानिक आराखड्याशी जुळत असेल तर गरज सिद्ध करायला सांगू नये, जुळत नसेल तर सांगावं. वाचायला ही सवलत वाटते. पण कित्येक काउंट्यांचे (जिल्ह्यांसारखे विभाग) कचरा आराखडे जुने झाले आहेत. त्यांतले कचऱ्याचे अंदाज आजच्या प्रत्यक्ष आकड्यांशी जुळत नाहीत. मग आराखडा अद्ययावत मानता येत नाही आणि गरज सिद्ध करायची जबाबदारी तुमच्याकडे येते.

ती सिद्ध करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जाळभट्ट्यांचा धंदा उभा राहिला तो लँडफिल करामुळे. १९९६ मध्ये तो टनाला ७ पौंड होता, एप्रिल २०२५ मध्ये तो १२६.१५ पौंड झाला. कचरा पुरणं महाग झालं म्हणून जाळणं परवडू लागलं. पण नंतरची धोरणं जाळण्याजोगा कचराच कमी करायला निघाली आहेत. माणशी उरलेला कचरा २०१९ च्या तुलनेत २०४२ पर्यंत निम्म्यावर आणायचं कायदेशीर उद्दिष्ट आहे. ३१ मार्च २०२५ पासून १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अन्नकचरा वेगळा द्यावा लागतो, घरांसाठीची तारीख ३१ मार्च २०२६. आणि २०२८ पासून कचरा जाळण्यातून निघणारा जीवाश्म कार्बन, म्हणजे मुख्यतः प्लास्टिकमधला कार्बन, ब्रिटनच्या उत्सर्जन व्यापार योजनेत येणार आहे, म्हणजे त्याचे पैसे मोजावे लागतील. यांपैकी एकही गोष्ट ‘प्लॅनिंग धोरण’ या नावाने आलेली नाही, पण प्रत्येक तुमच्या गरजेच्या तक्त्यात घुसते.

३० डिसेंबर २०२४ रोजी पर्यावरण खात्याने भूमिका आणखी स्पष्ट केली: नव्या भट्टीने लँडफिलला जाणारा कचरा तरी कमी करावा किंवा जुनी, कमी कार्यक्षम भट्टी तरी बदलावी. उष्णतेच्या वापराची आणि कार्बन पकडण्याची तयारीही दाखवावी लागणार. ‘आमच्या भट्टीतून अमुक इतक्या घरांना वीज मिळेल’ या वाक्यावर अर्ज उभा राहायचे दिवस गेले. अशा भट्टीतल्या विजेचा फक्त जैविक कचऱ्यातून येणारा भाग अक्षय मानला जातो, प्लास्टिकमधून येणारा नाही. म्हणून सौर प्रकल्पाच्या विजेला मिळतं ते वजन इथे जसंच्या तसं मागू नका, समोरचा वकील पाच मिनिटांत ते मोडून काढेल.

तक्ता करताना मारामारी कुठे होते ते सांगतो. डाव्या स्तंभात तुमच्या पट्ट्यातला उरलेला कचरा, घरांचा आणि व्यवसायांचा वेगवेगळा. घरांचा आकडा काउन्सिलांकडून बऱ्यापैकी खात्रीचा मिळतो, व्यवसायांचा अंदाजाने काढावा लागतो, आणि सगळा वाद त्या अंदाजावर होतो. उजव्या स्तंभात आत्ताची क्षमता: चालू भट्ट्या, बांधकाम सुरू असलेल्या, आणि परवानगी असून बांधल्या न गेलेल्या. ही तिसरी ओळ सगळ्यांत वादाची. ती पूर्ण धरली तर बहुतेक ठिकाणी गरजच उरत नाही, पूर्ण सोडली तर विरोधक तुम्हाला खोटं ठरवतात. प्रत्येक न बांधलेल्या प्रकल्पामागे एक ओळ लिहा: परवानगी कधीची, तीन वर्षांची नेहमीची मुदत संपली का, भट्टी चालवायचं पर्यावरण परमिट घेतलं का, पैसा उभा राहिलेला दिसतो का. शेवटी एकच अंदाज न देता दोन-तीन अंदाज द्या, आणि त्यांतला एक तरी सरकारी उद्दिष्टं पूर्ण होतात असं धरून केलेला असू द्या. त्या अंदाजातही तुमची भट्टी भरत असेल तर तुमचं म्हणणं भक्कम. नसेल तर क्षमता कमी करा. वर्षाला किती टन कचरा घ्यायचा याची अट परवानगीत येणारच आहे, ती खोटी आशा ठेवून फुगवू नका.

सीमेपलीकडे जायचा विचार असेल तर: वेल्सने मार्च २०२१ मध्येच १० मेगावॉट किंवा जास्तीच्या नव्या भट्ट्या थांबवल्या. स्कॉटलंडच्या फेब्रुवारी २०२३ च्या चौथ्या राष्ट्रीय आराखड्यात कचऱ्यातून ऊर्जेला मोजके अपवाद वगळता पाठिंबा नाही, आणि त्याच आराखड्यात पवन-सौरला भरघोस पाठिंबा आहे.

बायोगॅसचा पर्याय तुमच्या प्रश्नात नाही, पण अन्नकचरा वेगळा झाल्याने जाळायला कमी पडेल आणि बायोगॅसला जास्त मिळेल, म्हणून डोक्यात असू द्या. तिथे एक गंमतीचा नव्हे, खर्चाचा मुद्दा आहे: ज्या भागात काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन काउन्सिलं आहेत, तिथे संयंत्रात शेतातलं पीक टाकणार असाल तर अर्ज डिस्ट्रिक्टकडे, अन्नकचरा टाकणार असाल तर काउंटीकडे. परवानगी पिकासाठी घेऊन नंतर अन्नकचऱ्याकडे वळायचं तर पुन्हा अर्ज, दुसऱ्या काउन्सिलकडे, दुसऱ्या धोरणाखाली.

ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहरांभोवती बांधकामापासून राखलेल्या पट्ट्यात, तुमची एखादी जागा येत असेल तर फरक आणखी ठळक होतो. सौर प्रकल्प तिथे बहुधा ‘अनुचित विकास’ ठरतो आणि ‘अति विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते, पण अक्षय ऊर्जेचे व्यापक फायदे त्या परिस्थितीत धरता येतात असं धोरणच सांगतं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ग्रे बेल्ट’ ही कल्पना आली. ग्रीन बेल्टच्या मुख्य उद्देशांना फारसा हातभार न लावणाऱ्या जमिनीवर अटी पाळून केलेला विकास आता अनुचित ठरत नाही, आणि सौर व बॅटरी प्रकल्पांना अपिलात याचा फायदा झाला आहे. कचऱ्याचं उलट झालं. २०१४ च्या आधीच्या धोरणात ग्रीन बेल्टमधल्या कचरा प्रकल्पांच्या फायद्यांना मोठं वजन द्या असं होतं, २०१४ मध्ये ते काढलं गेलं.

जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवण्याची सक्ती मोठ्या प्रकल्पांना १२ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. नांगरलेल्या शेताचं पॅनलखाली गवताळ कुरण झालं की सौर प्रकल्प ही वाढ सहज ओलांडतो. कचऱ्याचा प्रकल्प मात्र धोरणाच्याच सांगण्यावरून जुन्या औद्योगिक जागेवर येतो, आणि अशा पडीक जागांवर फुटक्या काँक्रीटमध्ये उगवलेली झुडपं-फुलं ही उच्च मूल्याची अधिवासं मोजली जातात. तिथे १० टक्के गाठायला पैसे मोजावे लागतात. जागा घेण्याआधी पर्यावरणतज्ज्ञाला एकदा फिरवून आणा.

ग्रिडबद्दल एवढंच: जोडणीच्या रांगेत ७०० गिगावॉटहून जास्त प्रकल्प साचल्याने आधी येईल त्याला आधी हा नियम एप्रिल २०२५ मध्ये ऑफजेम या ऊर्जा नियामकाने मंजूर केलेल्या सुधारणांनी बदलला. आता जमिनीचा हक्क, परवानगीची प्रगती आणि राष्ट्रीय योजनेतली जागा पाहून क्रम लागतो. तुमच्या सौर प्रकल्पासाठी न थांबण्याचं हे सगळ्यांत व्यवहारी कारण. डिसेंबर २०२५ मध्ये एनपीपीएफचा आणखी एक मोठा फेरमसुदा सल्लामसलतीसाठी आला, पण मसुद्याला निर्णयात मर्यादितच वजन मिळतं, आणि त्याची वाट पाहत तुम्ही रांगेत मागे पडाल.

म्हणून सौर प्रकल्पाची माती तपासणी या हंगामातच करून घ्या, अर्ज आत्ताच्या धोरणावर लिहा, आणि निवेदनात धोरणाचा भाग वेगळा ठेवा, म्हणजे मध्येच नवी आवृत्ती आली तर तेवढीच पानं बदलून देता येतील. कचऱ्याच्या प्रकल्पात आर्किटेक्टला पुढचं काम देण्याआधी गरजेचा तक्ता पूर्ण करा आणि तो अर्जपूर्व चर्चेत काउंटीच्या वेस्ट प्लॅनिंग ऑफिसरसमोर ठेवा. ते तिसऱ्या ओळीतला एखादा प्रकल्प परत मोजायला सांगतील, तेव्हा तो मोजून पाहा. त्यानंतर भट्टीत टाकायला पुरेसा कचरा उरत नसेल, तर ती जागा बायोगॅससाठी चालते का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.